वरची दाढ, मायग्रेनची गोळी आणि भुलीतलं दुसरं औषध

फेब्रुवारी संपता संपता डावीकडची वरची दाढ ठणकायला लागली. आधी थंड पाणी लागायचं, मग गरमही लागायला लागलं, आणि मग काहीच न लागता नुसतं ठणकायचं. रात्री आडवं पडलं की कळ कानापर्यंत जायची. एक्स-रेमध्ये कीड थेट नसेपर्यंत पोचलेली दिसली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दाढ वाचेल, पण रूट कॅनाल करावं लागेल. माझं सगळं लक्ष मात्र एकाच प्रश्नावर होतं: भूल कशी देणार?

रूट कॅनालवर वाचायला भरपूर मिळतं. भुलीबद्दल मात्र ‘छोटंसं इंजेक्शन असतं, कळतही नाही’ याच्या पुढे सहसा कुणी जात नाही. माझ्या बाबतीत प्रत्यक्ष कामापेक्षा जास्त वेळ गेला तो भूल कोणती आणि किती हे ठरवण्यात. मायग्रेनसाठी मी प्रोप्रॅनोलॉल घेते, आणि ही गोळी नि दाताची भूल यांचं नातं जरा नाजूक आहे. बीपीची, हृदयाची, थायरॉईडची, नैराश्याची औषधं घेणाऱ्या पुष्कळांना यातलं काही ना काही लागू पडेल, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. मला जे सांगितलं गेलं, जे मी विचारून घेतलं आणि नंतर पडताळून पाहिलं, तेवढंच इथे आहे.

सुईची मला भीती वाटते, आणि ती उगाच नाही. कॉलेजात असताना वरचा एक दात काढला होता, तेव्हा टाळूत दिलेलं इंजेक्शन अजून आठवतं. त्यामुळे पहिल्या भेटीच्या आधी, झोप येत नाही म्हणून मोबाईल चाळताना, नाकात मारायच्या भुलीच्या स्प्रेबद्दल वाचलं आणि एकदम हुरूप आला. टेट्राकेन ३ टक्के आणि ऑक्सिमेटाझोलिन ०.०५ टक्के असं ते जोडऔषध आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने जून २०१६ मध्ये ‘कोव्हानेझ’ या नावाने त्याला मान्यता दिली. ज्या बाजूचा दात, त्या बाजूच्या नाकपुडीत एक फवारा, चार-पाच मिनिटांनी दुसरा, आणि वरचे दात बधिर. टेट्राकेन नसा सुन्न करतं. ऑक्सिमेटाझोलिन म्हणजे सर्दीत चोंदलेलं नाक मोकळं करायच्या स्प्रेमध्ये असतं तेच. ते रक्तवाहिन्या आवळून धरतं. सुई कुठेच नाही!

मॅडमना विचारलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी जबड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल घेतलं आणि त्यावर बोट फिरवून दाखवलं. हा स्प्रे वरच्या जबड्यात एका बाजूच्या दुसऱ्या उपदाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या उपदाढेपर्यंतच चालतो, म्हणजे पुढचे दहा दात. त्यांच्या नसा नाकाच्या पोकळीच्या जवळून येतात, म्हणून नाकातून पोचलेलं औषध त्यांना गाठू शकतं. दाढांची नस जबड्याच्या मागच्या बाजूने येते, तिथवर फवारा पोचत नाही. शिवाय तो दात भरणं, कॅप अशा कामांसाठी मान्य झालेला आहे, मुलांमध्ये वजन ४० किलो किंवा त्याहून जास्त असेल तरच. माझी दाढ पहिली, एका दाताच्या अंतराने हद्दीबाहेर. त्यात काम रूट कॅनालचं. ‘आणि हद्दीत असती तरी तुम्हाला मी तो दिला नसता,’ असं म्हणून त्यांनी माझा फॉर्म समोर ओढला.

हा फॉर्म मी बाहेर बसून भरला होता. दम्याचा त्रास आहे का, थायरॉईड आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, गरोदर आहात का, सल्फाइटची अ‍ॅलर्जी आहे का, असली लांबलचक यादी. रक्तदाबासमोर मी ‘नाही’वर खूण केली होती, आणि ते खरंच होतं. खाली ‘सध्या चालू असलेली औषधं’ या ओळीवर ‘प्रोप्रॅनोलॉल ४० मिलिग्रॅम, दोन वेळा, मायग्रेनसाठी’ असं लिहिलं होतं. मॅडमचं पेन त्या ओळीवर थांबलं होतं.

मग त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. आपण ज्याला ‘दाताची भूल’ म्हणतो, त्या काचेच्या नळीत बहुतेक वेळा दोन औषधं असतात. पहिलं नस बधिर करणारं: लिडोकेन, आर्टिकेन वगैरे. दुसरं असतं अ‍ॅड्रेनालिन, अगदी नाममात्र. नस बधिर करणारी बरीचशी औषधं रक्तवाहिन्या सैल करतात, त्यामुळे रक्त ती भराभर वाहून नेतं. वरच्या जबड्यात नुसतं लिडोकेन टोचलं तर दात जेमतेम पाच-दहा मिनिटं बधिर राहतो. त्यात अ‍ॅड्रेनालिन मिसळलं की तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, औषध जागेवर टिकतं आणि तोच दात तासभर सुन्न राहतो. रक्तस्राव कमी होतो हा वरचा फायदा.

पण अ‍ॅड्रेनालिन शरीरात दोन प्रकारची कामं करतं. एकीकडे रक्तवाहिन्या आवळतं, दुसरीकडे स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या सैल करतं आणि हृदयाचे ठोके वाढवतं. ही दोन्ही कामं एकमेकांना तोलून धरतात. प्रोप्रॅनोलॉल यातलं दुसरं काम अडवतं. मग उरतं फक्त आवळणं: बीपी एकदम चढू शकतं आणि त्याला उत्तर म्हणून ठोके मंदावू शकतात. दाताच्या कामात अ‍ॅड्रेनालिन इतकं थोडं असतं की बहुतेकांना काहीच होत नाही, पण न बघता पुढे जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रोप्रॅनोलॉलच्याच गटातली (बीटा-ब्लॉकर, ही बीपीसाठीही देतात) काही औषधं, मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलसारखी, मुख्यतः हृदयावर काम करतात आणि त्यांच्या बाबतीत ही अडचण कमी असते. म्हणून फॉर्मवर ‘बीपीची गोळी’ एवढंच लिहून भागत नाही, नाव लागतं. सगळ्यात सोपं म्हणजे गोळ्यांची पाकिटंच सोबत न्यावीत.

आणि नाकातल्या स्प्रेचं? त्यातलं ऑक्सिमेटाझोलिनही रक्तवाहिन्या आवळणारंच. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या, ट्रायसायक्लिक गटातली नैराश्याची औषधं किंवा एमएओ इनहिबिटर (हाही नैराश्यावरच्या औषधांचा एक गट) चालू असतील तर तो वापरू नये असं त्याच्या माहितीपत्रकातच आहे. बीपी आटोक्यात नसेल किंवा नाकातून वारंवार रक्त येत असेल तरी नाही. सुई नाही म्हणजे धोका नाही, हा माझा समज तिथेच गळून पडला.

मॅडमनी माझ्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली आणि त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत काम सुरू करणार नाही असं सांगितलं. तोवर दुखण्यावर गोळी. अँटिबायोटिक का नाही, असं मी विचारलं. सूज नाही, ताप नाही, पू नाही. आतली नस सुजली आहे, तिला अँटिबायोटिकने काही फरक पडत नाही, हे उत्तर. चिठ्ठीत त्यांनी नेमकं लिहिलं होतं: दाढ क्रमांक २६ (म्हणजे डावीकडची वरची पहिली दाढ), रूट कॅनाल, कोणतं औषध, किती टक्के, अ‍ॅड्रेनालिनचं प्रमाण किती, जास्तीत जास्त किती द्यायचा विचार आहे. खाली दोन प्रश्न. अ‍ॅड्रेनालिनची एवढी मात्रा चालेल का? गोळी आहे तशीच चालू ठेवायची ना?

दुसरा प्रश्न मला आधी बिनकामाचा वाटला. दोन दिवस गोळी बंद केली की झालं, असं कुणालाही वाटेल. पण प्रोप्रॅनोलॉल एकदम बंद करणं धोक्याचं असतं. ठोके आणि बीपी उसळू शकतात, हृदयाचा त्रास असलेल्यांना तर जास्तच. कुणाच्याही सांगण्यावरून, अगदी दातांच्या डॉक्टरांच्याही, ही गोळी परस्पर थांबवू नका.

पुढची गंमत कागदांची. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळत होती. फोन करकरून ‘फक्त एक पत्र हवंय’ असं विनवलं, तर स्वागतकक्षाने मधल्या दिवशी एक छापील कागद हातात ठेवला: ‘रुग्ण दातांच्या उपचारांसाठी तंदुरुस्त आहे.’ तारीख, शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. मॅडमनी तो वाचला, घडी केली आणि परत दिला. ‘यात माझ्या प्रश्नांची उत्तरं कुठे आहेत?’ मला राग आला, खोटं कशाला सांगू. दाढ माझी ठणकत होती, आणि दोन दवाखान्यांच्या मधे निरोप्याचं कामही मीच करत होते. पण मुद्दा त्यांचाच बरोबर होता. मग मिळालेल्या वेळेला स्वतः गेले, चिठ्ठी डॉक्टरांच्या समोर ठेवली आणि प्रश्नांवर बोट ठेवून उत्तर मागितलं. त्यांनी तिथल्या तिथे चार ओळी लिहून दिल्या. गोळी नेहमीच्या वेळेला घ्यावी. अ‍ॅड्रेनालिन कमीत कमी, हळू, आणि बीपी बघत द्यावं. रुग्णाने उपाशी येऊ नये, कारण उपासाने हिचं मायग्रेन उठतं. ही शेवटची ओळ माझ्या कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हती.

त्यामुळे तुम्हाला असं पत्र आणायला सांगितलं तर ‘फिटनेस’ मागू नका. डेंटिस्टकडून प्रश्न लिहून घ्या, आणि उत्तर त्याच प्रश्नांखाली, त्याच कागदावर मिळालं तर उत्तमच. एक प्रत स्वतःकडे ठेवा. दुसऱ्या कामाच्या वेळी पुन्हा हीच रांग लावावी लागत नाही.

विम्याची पूर्वपरवानगी याच काळात मार्गी लागली. एक्स-रे, दाताचा क्रमांक आणि खर्चाचं अंदाजपत्रक एवढं लागलं. अंदाजपत्रकात जागेवरची भूल वेगळी धरलेली नव्हती, ती रूट कॅनालच्या खर्चातच होती. गुंगी देऊन करायचं ठरवलं असतं तर तो खर्च वेगळा लागला असता, आणि माझ्या पॉलिसीत तो बसत नव्हता. अर्ज करण्याआधी ही दोन ओळींची चौकशी करून ठेवावी.

वाट बघताना मी काय केलं? तर वाचलं. भीती वाटली की मी वाचते, तो माझा रोग आहे. दातासाठी भूल म्हणून सुरुवातीला वापरलं गेलं ते कोकेन, १८८४ पासून. मग १९०५ च्या सुमाराला प्रोकेन आलं. आज सर्वत्र वापरलं जाणारं लिडोकेन स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली तयार केलं. भुलीच्या औषधात अ‍ॅड्रेनालिन मिसळायची कल्पना मात्र लिडोकेनच्या कितीतरी आधीची. हाइनरिश ब्राउन नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ती मांडली. म्हणजे पहिलं औषध बदलत गेलं आणि जोडीदार शंभर वर्षं तोच राहिला.

नळीवरचं ‘१:१,००,००० ’ हे काय, तेही तेव्हा नीट कळलं. एक ग्रॅम अ‍ॅड्रेनालिन एक लाख मिलिलिटर द्रावात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ०.०१ मिलिग्रॅम. लिडोकेनच्या १.८ मिलिलिटरच्या नळीत ते ०.०१८ मिलिग्रॅम भरतं. १:८०,००० असेल तर ०.०२२५. १:२,००,००० असेल तर १:१,००,००० च्या निम्मं, ०.००९. हृदयाचा त्रास असलेल्यांना किंवा माझ्यासारख्या गोळीवाल्यांना एका बैठकीत साधारण ०.०४ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असा संकेत आहे. ‘१:’ नंतरचा आकडा मोठा, तर अ‍ॅड्रेनालिन कमी. हे उलटं गणित एकदा डोक्यात बसलं की डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं.

पर्याय बरेच होते, आणि मॅडमनी ते सगळे माझ्यासमोर मांडले. अ‍ॅड्रेनालिन नसलेलं ३ टक्के मेपिव्हाकेन: सुरक्षित, पण वरच्या जबड्यात दात वीसेक मिनिटंच बधिर राहणार, आणि दाढेच्या रूट कॅनालला तेवढा वेळ पुरत नाही. प्रिलोकेन आणि फेलिप्रेसिन ही जोडी: यात आवळायचं काम फेलिप्रेसिन करतं, ते अ‍ॅड्रेनालिनच्या घराण्यातलं नाही, म्हणून प्रोप्रॅनोलॉलशी भांडत नाही. मात्र ते सगळीकडे मिळत नाही आणि गरोदरपणात टाळतात. तिसरा पर्याय ४ टक्के आर्टिकेन, अ‍ॅड्रेनालिन १:२,००,०००. आर्टिकेन हाडातून चांगलं झिरपतं आणि रक्तात लवकर मोडतं. आमचं यावर एकमत झालं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली सकाळची वेळ मिळाली. पोटभर खाल्लं, गोळी घेतली, पत्राची प्रत पर्समध्ये टाकली. धाकटी बहीण सोबत होती. ‘ताई, तू आत बोलू नकोस, मी बोलते,’ असं म्हणाली आणि बाहेर मासिक वाचत बसली.

खुर्चीत बसल्यावर आधी बीपी. भीतीने थोडं चढलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, भीतीने तुमचं शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनालिन सोडतं, आणि दुखलं तर आणखी सोडतं. त्यामुळे भूल नीट लागणं तुमच्या बीपीसाठीही चांगलं. हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. तोवर मी भूल म्हणजे जोखीम असंच धरून बसले होते.

मग हिरडी गॉझने पुसून कोरडी केली आणि जेल लावलं. ओल्या हिरडीवर जेल टिकत नाही, लाळेबरोबर घशात जातं, म्हणून हे पुसणं महत्त्वाचं. दोन मिनिटं तशीच बसले. जेलने वरची कातडी तेवढी बधिर होते, दात नाही.

इंजेक्शन दाढेच्या वर, गाल आणि हिरडी जिथे मिळतात त्या खोबणीत. वरच्या जबड्याचं बाहेरचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. त्यामुळे दाताच्या मुळाजवळ औषध सोडलं तरी ते हाडातून आत झिरपतं. खालच्या दाढांचं हाड घट्ट, तिथे मागे जाऊन मुख्य नसच गाठावी लागते. ‘वरची भूल देणाऱ्यालाही सोपी,’ मॅडम म्हणाल्या. त्यांनी गाल ओढून धरला, जरासा हलवत राहिल्या, आणि सुई गेली ते खरंच कळलं नाही. औषध जायला लागलं तसं चुरचुरलं. अ‍ॅड्रेनालिन टिकावं म्हणून द्राव आम्लधर्मी ठेवलेला असतो आणि त्यात सल्फाइट घातलेलं असतं. चुरचुरतं ते त्या आम्लामुळे, आणि फॉर्ममध्ये सल्फाइटच्या अ‍ॅलर्जीचा प्रश्न असतो तोही त्यासाठीच. औषध सोडण्यापूर्वी त्यांनी दट्ट्या किंचित मागे ओढून नळीत रक्त येत नाही ना ते पाहिलं. सुई रक्तवाहिनीत असेल तर सगळं औषध एकदम रक्तात जाईल, म्हणून.

पहिल्यांदा नळीतलं थोडंसंच दिलं आणि थांबल्या. पाच मिनिटं नुसतं बसायचं. माझे डोळे बीपीच्या यंत्रावर. पुन्हा पट्टा आवळला गेला, आकडा आला: आधीपेक्षा थोडा खालीच. नाडीही ठीक. मग उरलेलं औषध, तसंच हळू. ही पाच मिनिटं तुमच्या डॉक्टरांनी घेतली तर कुरकुरू नका.

हळूहळू गाल जड झाला, वरचा अर्धा ओठ नाहीसा झाला, नाकपुडीची कड बधिर झाली. डाव्या नाकाने श्वास जात नाहीये असं वाटून मी दचकले. श्वास जात होता, फक्त जाणवत नव्हता. हे आधी माहीत असलेलं बरं, कारण तोंडात रबराचा पडदा (लाळ दाढेपर्यंत येऊ नये म्हणून पकडीने लावतात तो) आणि नाक बंद झाल्याचा भास, ही जोडी घाबरवणारी आहे.

मॅडमनी गार फवारलेला कापूस दाढेला लावून पाहिला. ओठ पूर्ण मेलेला, पण दाढेत खोल कुठेतरी बारीक कळ उमटली. ओठ बधिर झाला म्हणजे दात झाला असं नाही, हा त्या दिवसाचा मोठा धडा. कारण दोन. सुजलेल्या नसेभोवतीचा भाग आम्लधर्मी झालेला असतो, आणि अशा जागी भुलीचं औषध नसेच्या आत शिरायला कचरतं. दुसरं, वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळाची नस पुष्कळ लोकांमध्ये वेगळ्या फांदीतून येते, म्हणून तिथे जरा पुढे वेगळं औषध सोडावं लागतं. ते दिलं. आता एकूण नळ्यांचा हिशेब मॅडम मोठ्याने सांगत होत्या आणि मदतनीस फळ्यावर लिहीत होती: अजून ०.०४ च्या निम्म्यातही नाही.

आणि मग टाळू. मला माहीत होतं हे येणार. पडद्याची पकड हिरडीला आतून चावते आणि दाढेचं एक मूळ टाळूच्या बाजूला असतं, म्हणून थोडं तिथेही लागतं. टाळूची कातडी हाडाला घट्ट चिकटलेली; औषधाला पसरायला जागाच नसते, म्हणून तिथलं इंजेक्शन दुखतं. मॅडमनी कापसाची काडी टाळूवर रेटून दाबली, इतकी की दाबच तेवढा जाणवायला लागला. जागा पांढरी पडेपर्यंत दाबून ठेवली, आणि काडी न हलवता तिच्या अगदी कडेला सुई टेकवली. एक-दोन थेंब, फार सावकाश. दुखलं. पण कॉलेजातल्या त्या इंजेक्शनच्या मानाने काहीच नाही. तेव्हा कुणी दाबलं नव्हतं, भराभर टोचलं होतं. आर्टिकेनसारखं औषध बाहेरून दिलं तर काही वेळा टाळूत टोचावंच लागत नाही, असंही मॅडमनी सांगितलं. मी त्या भाग्यवंतांत नव्हते.

गार कापूस पुन्हा लावला. काही नाही. पाणी, घरघर, जळका वास, आणि दुखणं शून्य. मधे एकदा आतल्या मुळाशी कळ आली. ठरल्याप्रमाणे डावा हात वर केला, त्या थांबल्या, थोडं औषध वाढवलं. हात वर करायची खूण आधीच ठरवून घ्या. तोंड उघडं असताना ‘दुखतंय’ आणि ‘ठीक आहे’ दोन्ही सारखंच ऐकू येतं.

दाढेची नस त्याच दिवशी निघाली. ओठ-गाल दुपार टळेपर्यंत बधिर होते. भूल लवकर उतरवायचं फेंटोलॅमिनचं इंजेक्शन असतं, असं कळलं. एक सुई उतरवायला दुसरी सुई! मी हात जोडले. भूल असताना चावायचं काही खाल्लं नाही, कारण गाल दाताखाली येतो आणि रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. लहान मुलांवर तर या वेळात लक्षच ठेवावं लागतं, ती मजा म्हणून ओठ चावतात. टाळूची टोचलेली जागा तीन-चार दिवस हुळहुळी राहिली. मायग्रेन उठलं नाही.

दुसरी बैठक एप्रिलच्या सुरुवातीला. आत नसच उरली नव्हती, त्यामुळे बाहेरून थोडीशी भूल पुरली, टाळूला हात लावला नाही. त्यानंतर कॅप बसवण्याआधी त्या बाजूच्या हिरड्यांच्या फटी खोल साफ करायच्या होत्या, आणि तिथे मला माझी बिनसुईची भूल मिळाली. लिडोकेन आणि प्रिलोकेन, दोन्ही अडीच-अडीच टक्के, असं जेल. ही दोन औषधं एकत्र केली की वेगवेगळी असताना वितळतात त्यापेक्षा कमी तापमानाला वितळतात, म्हणून ती पातळ राहून कातडीत मुरतात. बोथट टोकाच्या नळीने ते हिरडी आणि दाताच्या फटीत सोडतात. आत जाताना पातळ असतं, शरीराच्या उबेने घट्ट होतं, अर्ध्या मिनिटात काम सुरू आणि वीसेक मिनिटं टिकतं. यात अ‍ॅड्रेनालिन नाही, म्हणून पत्र नको, बीपीची वाट बघणं नको. तरी फॉर्मवर एक प्रश्न होताच: मेथेमोग्लोबिनेमिया कधी झालाय का? प्रिलोकेनमुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, त्यासाठी तो. जेलची चव कडू, जीभ थोडी बधिर, बाकी काही नाही.

कॅप बसवायला भुलीची गरजच पडली नाही. विम्याचे पैसे मे महिन्यात जमा झाले. मधे एकदा त्यांनी ‘दाताचा क्रमांक स्पष्ट नाही’ म्हणून अर्ज परत पाठवला होता, एक्स-रेवर २६ लिहून पुन्हा दिला. मेंदूविकारतज्ज्ञांच्या त्या चार ओळींची प्रत मॅडमनी माझ्या कागदांना टाचली आहे, आणि माझ्या नावापुढे लाल शाईत लिहिलंय: प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅड्रेनालिन कमी, उपाशी बोलावू नये.